परमिट रूममधली मैफल : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : स्वतंत्र रॉक संगीताच्या लहान जागांना परवाना व्यवस्थेत वेगळा वर्ग मिळण्याबाबत.

महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पंतप्रधानांनी भुवनेश्वर येथील भाषणात ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा, म्हणजे मोठ्या संगीत कार्यक्रमांमुळे हॉटेले, विमाने, टॅक्सी आणि खाद्यविक्रेते यांच्याकडे वळणाऱ्या पैशाचा, आवर्जून उल्लेख केला. तेव्हापासून या विषयाची सार्वजनिक चर्चा बव्हंशी स्टेडियमच्या मापाने होते. त्या मापाला या पत्राचा विरोध नाही. विरोध आहे तो आधी कळस मग पाया या क्रमाला. नवी मुंबईत ज्यांच्यासाठी जादा लोकल सोडाव्या लागल्या, ते वादक १९९८ साली लंडनच्या कॅमडेन भागातील एका लहान पबमध्ये वेगळ्याच नावाने लोकांसमोर प्रथम उभे राहिले होते. तशी जागा मुंबईत किंवा पुण्यात कोणत्या कायद्याखाली चालते, तिच्या दारातून कोणाला आत जाता येते, आणि कार्यक्रम संपल्यावर तिथला श्रोता घरी कसा पोहोचतो, हे प्रश्न पोलीस, उत्पादन शुल्क, अग्निशमन आणि महापालिका यांचे मानले जातात, सांस्कृतिक कार्य विभागाचे नव्हे. हे पत्र त्या समजुतीविषयी आहे.

प्रथम संज्ञेविषयी. ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे लघुरूप असून, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचा आधार न घेता स्वतःच्या खर्चाने गाणी मुद्रित आणि प्रकाशित करणाऱ्या कलाकारांसाठी ते प्रथम ब्रिटनमध्ये रुळले. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, ती या प्रवाहाची एक आरंभखूण मानली जाते. भारतात या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे, तो म्हणजे ‘चित्रपटसंगीताच्या बाहेरचे’, कारण येथे स्वातंत्र्य मिळवायचे ते एखाद्या कंपनीपासून जितके, तितकेच चित्रपटापासून. मुंबईत १९८४ साली उभा राहिलेला आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड असे नाव घेणारा रॉक मशीन, १९९४ चा पेंटाग्राम, त्यानंतरच्या दशकातले भयानक मौत आणि स्क्राइब यांसारखे कर्कश धाटणीचे बँड, पुण्यातले अग्नी आणि ईझी वाँडरलिंग्ज, ही सारी नावे एका शैलीची नाहीत. त्यांना जोडणारी गोष्ट एवढीच की त्यांची गाणी नटाच्या ओठांवर येण्यासाठी लिहिली गेली नाहीत. हे संगीत परके आहे, सबब सांस्कृतिक खात्याने त्याची दखल घेण्याचे कारण नाही, असा आक्षेप अजूनही कधीमधी निघतो. संतांचे अभंग बास गिटार आणि ड्रमवर घेणारा अभंग रीपोस्ट हा बँड जेव्हा इंग्रजी शाळांतून शिकलेल्या मुलांकडून टाळ्यांवर विठ्ठलनाम म्हणवून घेतो, तेव्हा त्या आक्षेपाचे काय करायचे, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच ठरवावे.

या संगीताचे खरे घर लहान खोली आहे, आणि ती खोली कशी असते हे सरकारी टिपणांत सहसा सापडत नसल्याने येथे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक ठरते. शंभर ते दोनशे माणसे उभी राहू शकतील एवढी जागा, एका टोकाला गुडघ्याएवढा मंच किंवा तोही नाही, दुसऱ्या टोकाला बार. ड्रमसेटच्या खाली जुना गालिचा अंथरलेला असतो. तो शोभेसाठी नसून पायाने वाजवायचा मोठा ड्रम प्रत्येक ठोक्यागणिक पुढे सरकू नये म्हणून असतो. गिटारवादकाच्या पायाशी पेडल, म्हणजे गिटारचा विद्युतसंकेत अ‍ॅम्प्लिफायरकडे जाताना त्याला खरखरीत, घुमणारा किंवा लांबणारा नाद देणाऱ्या लहान धातूच्या पेट्या, एका फळीवर ओळीने बसवलेल्या असतात. शेजारी जमिनीला काळ्या टेपने चिकटवलेला, गाण्यांचा क्रम लिहिलेला कागद. ‘गिग’ला, म्हणजे अशा कार्यक्रमाला, नेमाने जाणारा श्रोता या साऱ्यापासून सहा ते आठ फुटांवर उभा असतो, त्यामुळे नाद बदलण्याआधी क्षणभर कोणत्या पेटीवर पाय पडला हे त्याला दिसते, तार तुटली तर ती बदलली जाईपर्यंत ड्रमर आणि बासवादक डोळ्यांनी काय ठरवतात आणि तो रिकामा वेळ कसा भरतात, हेही दिसते. दोन गाण्यांच्या मध्ये गिटार जुळवली जाते तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरची बारीक गुणगुण ऐकू येते. तानपुरा जुळेपर्यंत निमूट बसून राहणाऱ्या, गिरगावातल्या लक्ष्मीबाग सभागृहासारख्या लहान जागी गवयाच्या श्वासासकट गाणे ऐकलेल्या जुन्या रसिकाला ही गुणगुण अनोळखी वाटू नये. स्टेडियमचा श्रोता कलाकाराला पडद्यावर पाहतो. लहान खोलीतला श्रोता त्याला चुकताना पाहतो.

हा फरक केवळ आस्वादाचा नाही, तो संगीत कसे घडते याच्याशी निगडित आहे. नवे गाणे मुद्रित होण्याआधी पाचसहा गिगांत वाजवले जाते, त्यातला लांबलेला मधला भाग लोक बारकडे वळू लागले की गळतो, एखादी ओळ दुसऱ्या वेळी समोरून परत ऐकू आली की ती शेवटी पुन्हा घ्यावी असे ठरते, आणि अशा रीतीने जो श्रोता तिकीट काढून येतो तो नकळत त्या गाण्याचा पहिला संपादक ठरतो. हा श्रोता बहुधा नोकरदार किंवा विद्यार्थी असतो, आठवड्याच्या मधल्या दिवशीही येतो, बासवादक आणखी दोन बँडांत वाजवतो हे त्याला ठाऊक असते, आणि बाहेर पडताना दाराजवळच्या टेबलावरून क्यूआर कोड वापरून एखादा टी-शर्ट घेतो. त्या टेबलावरचे पैसे सरळ बँडच्या हाती जातात, आणि दारावरच्या उत्पन्नातून ध्वनियंत्रणेचे भाडे, ध्वनितंत्रज्ञाचे मानधन आणि जागेचा वाटा वजा झाल्यावर जे उरते, त्यापेक्षा ते कधी कधी अधिक भरतात. वीस श्रोत्यांसमोर वाजवलेला बँड दोन वर्षांनी दोनशे श्रोत्यांसमोर वाजवतो तेव्हा त्या वीसांपैकी निम्मे तरी दोनशेंत असतात, आणि ते पुढे उभे असतात. एका कलाप्रकाराचा पाया म्हणतात तो हा.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या जागा १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली केलेल्या नियमांनी बांधलेल्या आहेत, आणि मुंबईसाठीच्या १९६० च्या नियमावलीच्या शीर्षकातच ‘मेळे आणि तमाशे’ यांचा उल्लेख आहे. आजच्या वाचकाला ते शीर्षक गमतीचे वाटेल, पण त्यामागे एक प्रामाणिक जाणीव होती : मेळा आणि तमाशा हे करमणुकीचे निश्चित प्रकार आहेत, त्यांच्या जागा असतात, आणि त्या जागांना नाव असल्याशिवाय त्यांचे नियमन करता येत नाही. लालबागचे हनुमान थिएटर हे त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनेही थिएटरच होते, तिथे चहा मिळतो म्हणून त्याला कोणी उपाहारगृह ठरवले नाही. स्वतंत्र रॉक संगीताच्या खोलीचे नेमके उलटे झाले आहे. तिचा मुख्य परवाना उपाहारगृहाचा, दुसरा मद्याचा, आणि संगीताचा प्रयोग ही त्यांना जोडलेली पुरवणी परवानगी. म्हणजे जिथे लोक गाणे ऐकायला येतात ती जागा कागदावर परमिट रूम आहे आणि गाणे हा तिथला जोडधंदा आहे. चालकांची यात फारशी चूक नाही. शंभर जणांच्या तिकिटांवर शहराच्या मध्यवर्ती भागातील भाडे निघत नाही, ते मद्यविक्रीवर निघते, आणि जो व्यवसाय खोलीचे भाडे भरतो तोच खोलीचे नियम ठरवतो.

त्या नियमांपैकी सर्वांत घातक नियम वयाचा आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. ती मद्य विकत घेण्यापुरती आहे, पण दारावर उभ्या माणसाला आत कोण काय पितो यावर लक्ष ठेवण्यापेक्षा एकवीस वर्षांखालच्यांना बाहेरच अडवणे सोपे जाते, आणि म्हणून तशी पाटीच लागते. परिणाम असा की अठरा ते वीस या वयात, जेव्हा माणसाची संगीताची आवड घडते, गिटार हाती घेतली जाते आणि महाविद्यालयात पहिला बँड जमतो, नेमक्या तेव्हा त्याला आपल्याच शहरातला बँड समोरून ऐकता येत नाही. जी व्यक्ती विधानसभेसाठी मतदान करू शकते, तिला बास गिटार ऐकण्यासाठी आणखी तीन वर्षे थांबावे लागते. मंचावरचा ड्रमर मात्र एकोणीस वर्षांचा असू शकतो, आणि त्याचा वर्गमित्र बाहेर पायऱ्यांवर बसून भिंतीतून झिरपणारा तेवढा ठोका ऐकत असतो, हा या व्यवस्थेचा सर्वांत केविलवाणा विनोद आहे.

हा प्रश्न इतरत्र सुटलेला आहे, आणि तोही फारसा खर्च न करता. वॉशिंग्टनमध्ये १९८० च्या सुमारास पंक रॉक, म्हणजे मोजक्या स्वरांवर आणि प्रचंड वेगावर उभ्या असलेल्या रॉक प्रकाराचे श्रोते बहुतांशी शाळकरी वयाचे होते. तेथील टीन आयडल्स या बँडच्या मुलांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात अल्पवयीनांच्या हातावर काळ्या शाईने फुली मारण्याची पद्धत पाहिली, आणि परतल्यावर आपल्या शहरातील क्लबांपुढे तीच तोड ठेवली : फुलीवाल्याला आत घ्या, बारवर त्याला मद्य देऊ नका. पुढे त्यांच्यापैकी इयन मकाय याच्या फुगाझी या बँडने सर्व वयांना प्रवेश आणि पाच डॉलरच्या आसपास तिकीट या दोन अटींवर वर्षानुवर्षे कार्यक्रम केले. मुंबईतील जागांत मनगटावर रंगीत पट्टी बांधण्याची रीत आजही आहेच. तिला दुसरा रंग देण्यास फक्त शासनाच्या एका स्पष्ट परिपत्रकाची गरज आहे, ज्यात असे म्हटलेले असेल की संगीताच्या प्रयोगाच्या वेळी अठरा वर्षांवरील श्रोत्याला प्रवेश देणे हा मद्य परवान्याचा भंग ठरणार नाही.

वयानंतर वेळ. जाहिरातीत नऊ असले तरी पहिला बँड दहाच्या आधी सुरू होत नाही, कारण तोवर जेवणाऱ्यांचे टेबल मोकळे व्हायचे असते आणि बारला गिऱ्हाईक जमवायचे असते. ज्याच्यासाठी तिकीट काढले तो बँड अकरानंतर. खारला किंवा लोअर परळला आलेला, पण डोंबिवलीस, विरारला किंवा पनवेलला राहणारा श्रोता या हिशोबात बसत नाही. शेवटच्या लोकलची वेळ त्याला गाण्यांच्या क्रमापेक्षा पक्की पाठ असते, आणि कार्यक्रमाचा तिसरा प्रहर तो एक डोळा मंचावर आणि एक डोळा घड्याळावर ठेवून ऐकतो. दादरला जिना उतरताना त्याच्या कानांत जे गाणे घुमत असते ते शेवटून तिसरे असते. शेवटची दोन त्याने कधी ऐकलेलीच नसतात. या शहरातील मराठी नाटकाचा प्रेक्षक साडेआठचा प्रयोग पाहून अकराला बाहेर पडतो आणि त्याला घरी पोहोचता येते, कारण नाट्यगृह त्याच्या वेळेने चालते. बार स्वतःच्या वेळेने चालतो.

टोकियोचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे, कारण ते आदर्श नाही. तेथे अशा जागांना ‘लाइव्ह हाउस’ असे स्वतंत्र नाव आहे, शिमोकिताझावासारख्या एकेका उपनगरात त्या एकमेकींना खेटून आहेत, आणि कार्यक्रम संध्याकाळी लवकर सुरू होऊन शेवटच्या गाडीच्या बऱ्याच आधी संपतात. तरीही कायद्याच्या दृष्टीने बहुतेक लाइव्ह हाउस हीसुद्धा खाद्यपेयगृहेच असल्याने प्रत्येक श्रोत्याला तिकिटाखेरीज एक पेय सक्तीने घ्यावे लागते, मग तो साधा चहा का असेना. शिवाय ‘नोरुमा’ नावाची एक प्रथा आहे, जिच्यानुसार बँडने ठरावीक तिकिटे खपवायचीच आणि न खपलेल्यांचे पैसे पदरचे भरायचे. खोलीला नाव मिळाले पण वर्ग मिळाला नाही, तर भार शेवटी वादकांवर आणि श्रोत्यांवर पडतो, हे तिथे स्पष्ट दिसते. याउलट जर्मनीच्या संसदेने मे २०२१ मध्ये असा ठराव केला की नियोजनाच्या नियमांत संगीत क्लब हे जुगारगृहांच्या पंक्तीतील करमणुकीच्या जागा म्हणून नव्हे, तर नाट्यगृहे आणि संग्रहालये यांच्या पंक्तीतील सांस्कृतिक जागा म्हणून धरले जावेत. या पत्राची मुख्य मागणी त्याच जातीची आहे. करविषयक बाब त्यापुढे गौण आहे, कारण ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहेच. गिगचे तिकीट ४९९ रुपयांचे असते तेव्हा तो केवळ बाटा-छाप किमतीचा खेळ नसतो.

आवाजाचा प्रश्न मात्र गौण नाही, आणि येथे श्रोत्यांची बाजू घेताना शेजाऱ्यांची बाजू विसरून चालणार नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकास मनाई आहे. बंदिस्त सभागृहांतील अंतर्गत वापर त्यातून वगळला आहे, पण खासगी जागेच्या हद्दीवर मोजलेला आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक असता कामा नये. निवासी क्षेत्राची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्राचा, म्हणजे रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या किमान शंभर मीटरच्या पट्ट्याचा नियम अधिक कडक आहे, आणि त्यानेच धोबी तलावच्या रंगभवनातील ध्वनिवर्धकांचे कार्यक्रम थांबले. १९७८ मध्ये जॅझ यात्रा आणि १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक जिथे सुरू झाले, ते खुले रंगमंदिर त्यामुळे मुके झाले. रुग्णालयातील माणसाची झोप गिटारपेक्षा मोलाची आहे, हे निर्विवाद आहे. पण त्या मैदानी जागेच्या बदल्यात बंदिस्त जागा उभी करण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही, हेही तितकेच खरे आहे.

बंदिस्त जागेचे गणित असे. डेसिबल हे गुणोत्तरी माप असून त्यातील दर दहाची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दहापट वाढ होय. सबब खोलीत १०० डेसिबल आणि हद्दीवर ५० डेसिबल हवे असतील, तर भिंतींनी ऊर्जेचा एक लाखावा हिस्साच बाहेर जाऊ दिला पाहिजे. उंच स्वर, झांजांचा किणकिणाट, गायकाचा आवाज हे सहज अडतात. अडत नाही तो बास. बास गिटारची सर्वांत जाड तार सुट्टी वाजवली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते आणि तिच्या ध्वनिलहरीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. दोन इंच जाडीचा फोम या लहरीला अजिबात जाणवत नाही. भिंतींवर अंड्यांच्या ट्रेसारखा करडा फोम लावणाऱ्या चालकाला वाटते की आपण आवाज कोंडला, प्रत्यक्षात त्याने केवळ खोलीच्या आतला घुमारा कमी केलेला असतो. आवाज कोंडण्यासाठी वजन लागते : जड भिंत, मध्ये पोकळी सोडून दुसरी जड भिंत, दोन दारांचा बोळ, इमारतीच्या सांगाड्यापासून अलग केलेली जमीन. भिंतीचे वजन दुप्पट केले तर ढोबळमानाने सहा डेसिबल पदरात पडतात, म्हणजे हा खर्चाचा मामला आहे, आणि अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या गाळ्यात तो खर्च कोणी करत नाही.

यात मोजणीचा एक तिढा आहे, ज्याकडे आपल्या खात्याने पर्यावरण विभागाचे लक्ष वेधावे. नियमांतील मर्यादा ‘ए’ भारांकनाने, म्हणजे मंद आवाजाला मानवी कान कसा प्रतिसाद देतो त्या वक्रानुसार दुरुस्त केलेल्या मापाने सांगितल्या आहेत, आणि हे भारांकन ४० कंपनांच्या आसपासचा स्वर सुमारे ३५ डेसिबलने कमी धरते. परिणामी दुसऱ्या मजल्यावरील आजीच्या कपाटाची काच थरथरत असते आणि हवालदाराच्या हातातील यंत्र सर्व काही मर्यादेत असल्याचे सांगते. पुढे आजी यंत्रावर विश्वास ठेवत नाही, तक्रारी वाढतात, आणि अखेरीस कार्यक्रम मापाने नव्हे तर फोनने बंद पडतो. खर्जाला जवळजवळ पूर्ण मोजणारे ‘सी’ भारांकन अशा जागांसाठी जोडीने वापरले, तर चालकाला नेमके काय रोखायचे ते कळेल आणि शेजाऱ्याला आपले म्हणणे यंत्रात उमटलेले दिसेल. आतल्या श्रोत्याच्या कानांसाठीही माप उपलब्ध आहे : जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली आहे आणि कानात घालण्याचे बोळे तिथे उपलब्ध असावेत असेही म्हटले आहे. नित्याचे श्रोते ते खिशात बाळगतात. नवख्यांना ते भित्रेपणाचे वाटते, आणि मग दोन दिवस कान वाजत राहतात.

त्या करड्या फोमची दुसरी बाजू आगीची आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी एका रॉक कार्यक्रमात मंचावरील शोभेच्या दारूमुळे भिंतीवरच्या अशाच फोमने पेट घेतला आणि १०० माणसे दगावली. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर सरसकट तपासण्या आणि टाळेबंदी सुरू होते आणि सुक्याबरोबर ओलेही जळते, अशी तक्रार चालकवर्गात ऐकू येते. ती पूर्णतः मान्य करण्याजोगी नाही; दोनशे माणसे अंधारात उभी असतील त्या खोलीला बाहेर उघडणारी दोन रुंद दारे असलीच पाहिजेत, यात तडजोडीला जागा नाही. परंतु स्वतंत्र वर्ग असता तर टेबलखुर्च्यांच्या हिशोबाने काढलेली उपाहारगृहाची क्षमता उभ्या श्रोत्यांच्या खोलीला लागू झाली नसती, भिंतीवर कोणता पदार्थ चालेल आणि कोणता नाही हे परवान्यातच लिहिले गेले असते, आणि ‘आत किती जण आहेत’ या प्रश्नाला दारावर मोजलेला आकडा उत्तर म्हणून मिळाला असता. नाव नसलेल्या जागेची सुरक्षितताही अंदाजाने तपासली जाते.

कमला मिलच्या परिसराचा इतिहास आणखी एक गोष्ट सुचवतो. गिरणगावात शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचा आवाज जिथे घुमला, तिथल्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या, आणि त्यांच्या रिकाम्या आवारांत जे व्यवसाय आले त्यांत संगीताच्या जागाही होत्या. लोअर परळच्या मथुरादास मिलमधील ब्लू फ्रॉग ही २००७ ते २०१६ या काळातली त्यांपैकी सर्वांत नावाजलेली. तिच्या बंद होण्यामागची कारणे काहीही असोत, त्या भागात संगीताची नवी जागा आज सुरू करणाऱ्यासमोर आधीच उभे राहिलेले आणि उद्या उभे राहणारे निवासी टॉवर आहेत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात जानेवारी २०१० मध्ये टोट हॉटेल हा जुना रॉक पब बंद पडला तेव्हा पुढच्याच महिन्यात हजारो श्रोते रस्त्यावर उतरले, आणि त्या राज्याने २०१४ मध्ये नियोजनात ‘बदल घडवणाऱ्याची जबाबदारी’ हे तत्त्व आणले. त्याचा अर्थ सरळ आहे : संगीताची जागा आधीपासून असेल आणि शेजारी नवी इमारत येत असेल, तर दुहेरी काचा आणि जाड भिंती यांचा खर्च इमारत बांधणाऱ्याने करायचा, इमारत आधीची असेल आणि जागा नवी, तर तो खर्च जागेच्या चालकाने करायचा. लंडनच्या २०२१ च्या विकास आराखड्यातही हे तत्त्व आहे. मुंबईच्या विकास नियमावलीत ते आणण्यासाठी नगरविकास विभागाकडे शब्द टाकणे आपल्या खात्याच्या आवाक्यातले आहे.

निधीसाठीही बाहेर पाहता येते. फ्रान्समध्ये अशा कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीवर साडेतीन टक्के आकार घेतला जातो आणि २०२० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत केंद्रामार्फत तो पुन्हा संगीताकडे वळवला जातो. ब्रिटनमध्ये संसदेच्या सांस्कृतिक समितीने २०२४ मध्ये मोठ्या मैदानांच्या तिकिटांतून लहान जागांसाठी वाटा काढावा अशी शिफारस केली. नवी मुंबईतल्या तीन रात्रींच्या तिकिटांचा एक टक्का किती दुहेरी भिंती बांधू शकला असता, याचा हिशोब वित्त विभाग एका दुपारी मांडू शकेल.

मात्र या साऱ्यासाठी थांबून राहण्याचे कारण नाही, कारण महाराष्ट्राकडे स्वतःचे उदाहरण आहे आणि ते परदेशी उदाहरणांपेक्षा स्वस्त आहे. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात आविष्कार आणि इतर संस्थांनी प्रायोगिक नाटके केली. ते सभागृह नाट्यगृह नव्हते, तिथे धड मंच नव्हता, खालच्या रस्त्यावरचा बाजाराचा आवाज संवादांत मिसळत असे, आणि तरीही पुढची कित्येक वर्षे मराठी रंगभूमीवर जे जे नवे आले त्यातील बरेचसे त्या जिन्यावरून खाली उतरले. तिथे मद्य मिळत नव्हते आणि विशीच्या आतल्या प्रेक्षकाला कोणी अडवत नव्हते. शाळेच्या सभागृहाचे भाडे नाटकाच्या तिकिटांतून निघत होते, म्हणून नियमही नाटकाचेच होते. स्वतंत्र रॉक संगीताला छबिलदास मिळालेले नाही. त्याला जे मिळाले ते गिऱ्हाइकांची वाट पाहणारे परमिट रूम, आणि तेही भाडे परवडेपर्यंत.

शासनाच्या आणि महापालिकांच्या ताब्यातील नाट्यगृह संकुलांत लहान सभागृहे आणि तालमीचे हॉल आहेत; प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या वास्तूतही एक मिनी थिएटर आहे. नाटकवाल्यांना शनिवार-रविवार हवे असतात. आठवड्याच्या सुरुवातीच्या रिकाम्या संध्याकाळी अशी दोन-तीन सभागृहे स्वतंत्र बँडांना नाटकाच्याच दराने द्यावीत, पुढच्या रांगांच्या खुर्च्या हलवता येत असतील तिथे हलवाव्यात, ड्रमखाली घालायला एक जुना गालिचा ठेवावा, आणि पहिला बँड साडेसहाला सुरू करावा. साडेनऊला शेवटचे गाणे संपेल, दहाच्या आत ध्वनिवर्धक बंद होतील, आणि एकोणीस वर्षांच्या श्रोत्याला ते शेवटचे गाणे पुरते ऐकूनही दादरहून बदलापूरची गाडी मिळेल, कदाचित बसायला जागाही.

कळावे,
लहान खोल्यांतील संगीताचा एक श्रोता